नोझल, काजळी आणि रसायन

इंधन जाळून चालणाऱ्या प्रत्येक साधनात जळण्याचा काही ना काही अवशेष मागे राहतो. चुलीत राख उरते, कंदिलाच्या काचेवर काजळी धरते, आणि डिझेल इंजिनात नोझलच्या तोंडाशी, पिस्टनच्या माथ्यावर व रिंगांच्या खाचांत कार्बनचा कठीण थर बसतो. हा थर काढण्याचे काम आरंभीची अनेक दशके केवळ हाताने, म्हणजे इंजिन खोलून, त्याचे भाग रॉकेलमध्ये भिजवून आणि खरवडून केले जात असे. पुढे त्यातला काही भाग वंगणतेलात मिसळलेल्या रसायनांनी उचलला आणि त्यानंतर इंधनातच मिसळलेल्या रसायनांनी. या स्थित्यंतराचा इतिहास तपासला असता असे दिसते की मळाच्या एका प्रकारावर शोधलेला उपाय दुसऱ्या प्रकारावर चालला नाही, कधी त्यातूनच नवी अडचण उभी राहिली, आणि एकच द्रव्य मेस्त्रीच्या परातीत उपकारक, तर इंधनाच्या टाकीत घातक ठरले.

जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल याला १८९३ मध्ये ज्या कल्पनेबद्दल पेटंट मिळाले तिचा गाभा असा होता की, सिलिंडरमध्ये नुसती हवा घेऊन ती इतकी दाबावी की त्या दाबानेच ती पुरेशी तापावी आणि तीत इंधन सोडताच ठिणगीवाचून ज्वलन घडावे. आऊग्सबुर्ग येथे फेब्रुवारी १८९७ मध्ये या इंजिनाची अधिकृत चाचणी झाली, तेव्हा इंधनातील सुमारे २६ टक्के ऊर्जा प्रत्यक्ष कामात उतरली; तत्कालीन वाफेच्या यंत्रांच्या आवाक्याबाहेरचा असा हा आकडा होता. डिझेलच्या मूळ विचारात द्रव इंधनाबरोबर कोळशाच्या भुकटीलाही स्थान होते, परंतु भुकटीतली राख सिलिंडरच्या भिंती आणि रिंगा घासून काढत असल्यामुळे तो मार्ग व्यवहारात रुजला नाही. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात याच जातीचे एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले. कोणतेही इंधन चालेल अशी या इंजिनाची ख्याती झाली खरी. तथापि इंधन पेटणे आणि ते मागे काही न ठेवता जळणे यांत जे अंतर आहे, ते कोळशाच्या भुकटीने प्रारंभीच दाखवून दिले होते.

पहिल्या इंजिनांमध्ये इंधन सिलिंडरमध्ये ढकलण्यासाठी दाबलेल्या हवेचा झोत वापरला जाई. या पद्धतीत फवारा बारीक मिळे, पण त्यासाठी लागणारा हवेचा पंप इतका अवजड असे की डिझेल इंजिन दीर्घकाळ जहाजे आणि वीजघरे यांपुरतेच राहिले. ते रस्त्यावर आणि शेतावर येण्यासाठी हवेची मदत न घेता इंधनच दाबून सोडणारा लहान, नेमका पंप आवश्यक होता, आणि श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने १९२७ मध्ये असा पंप मोठ्या संख्येने बनवायला सुरुवात केल्यावर ही अट पूर्ण झाली. या पंपातील दांडा, म्हणजे प्लंजर, आणि तो ज्यात सरकतो ती नळी, म्हणजे बॅरल, यांच्यामध्ये दोन-तीन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-तीन पट, इतकेच अंतर ठेवलेले असते, तर माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. ही जोडी एकमेकींवर घासूनच जुळवलेली असल्यामुळे तिच्यातला एकच भाग बदलता येत नाही, आणि म्हणूनच कारागिरांच्या बोलीत दोहोंना मिळून ‘एलिमेंट’ असे एकच नाव पडले. या सूक्ष्म फटीला वंगण पुरवण्याचे काम स्वतंत्र तेल करत नाही. तिच्यातून जाणारे इंधनच ते करते. इंधनात काय मिसळावे आणि काय मिसळू नये, या पुढील साऱ्या वादाचे मूळ या एका गोष्टीत आहे.

महाराष्ट्रात हे यंत्र ‘ऑइल इंजिन’ या नावाने आले आणि त्याच्या इंधनाला खेड्यापाड्यांत बराच काळ ‘क्रूड’ म्हटले जाई. इंग्लंडमधील डर्स्ली येथे १९३० च्या सुमारास तयार होऊ लागलेली लिस्टर कंपनीची सावकाश फिरणारी, एका सिलिंडरची इंजिने भारतभर पसरली आणि पुढे राजकोट परिसरातील कारखान्यांनी त्याच धर्तीची इंजिने घडवली. सर धनजीशा कूपर यांनी सातारा रोड येथे उभारलेल्या कारखान्यातील १९३० च्या दशकातील काम देशात डिझेल इंजिन बनवण्याच्या आद्य प्रयत्नांत गणले जाते. नांगराच्या कारखान्यापासून वाढलेल्या किर्लोस्कर उद्योगसमूहाने १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन केली. खडकी येथील तिच्या कारखान्यातून बाहेर पडलेली इंजिने विहिरीवरच्या मोटेची जागा घेऊ लागली, तर १९६२ मध्ये पुण्यातच किर्लोस्कर कमिन्सच्या रूपाने मोठ्या क्षमतेच्या इंजिनांच्या उद्योगाचा पाया घातला गेला. इंजेक्शन पंप व नोझल हे नाजूक भाग देशात बनवण्यासाठी १९५१ मध्ये बंगळूर येथे मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजेच सर्वतोमुखी झालेली ‘मायको’, स्थापन झाली, आणि १९७० च्या सुमारास तिने नाशिकजवळ सातपूर येथे उभारलेला कारखाना पुढे नोझलच्या उत्पादनासाठी ओळखला जाऊ लागला.

इंजिनांची संख्या वाढली तशी त्यांच्या देखभालीची एक स्वतंत्र कारागिरी तालुक्याच्या गावांत, मालमोटारींच्या थांब्यांवर आणि कोकणातल्या बंदरांवर रुजली. तिचे ढोबळमानाने दोन भाग पडले. एक भाग साध्या मेस्त्रीचा होता: ठरावीक तास इंजिन चालल्यावर त्याचे हेड उतरवायचे, पिस्टनच्या माथ्यावरचा आणि व्हॉल्व्हच्या बैठकीवरचा कार्बन खरवडायचा, खाचांत धरून बसलेल्या रिंगा मोकळ्या करायच्या, व्हॉल्व्ह घासून बसवायचे आणि सर्व भाग रॉकेलने धुऊन पुन्हा जोडायचे. या संपूर्ण क्रियेला ‘डिकार्बनायझिंग’ हे नाव होते. दुसरा भाग ‘पंप-नोझल’चे काम करणाऱ्या निराळ्या दुकानांचा होता. तेथे नोझल सुटे करून रॉकेलमध्ये भिजत ठेवत, त्याच्या तोंडावरचा थर पितळी ब्रशाने काढत, मिलिमीटरच्या चतुर्थांशाएवढी किंवा त्याहून लहान असलेली भोके त्यासाठीच बनवलेल्या बारीक तारेने मोकळी करत, आणि मग ते हातपंपाच्या तपासणी यंत्रावर चढवून फवारा पाहत. निरोगी नोझलचा फवारा धुक्यासारखा सुटतो व तुटकपणे थांबतो. थर साचलेल्या नोझलचा फवारा एका अंगाला झुकतो, तर सुईची बैठक झिजलेले नोझल दाब सोडल्यावरही टपकत राहते. या तपासणीत फवाऱ्याखाली हात न धरण्याचा दंडक असे, कारण त्या दाबाने सुटलेले इंधन कातडी भेदून आत शिरते आणि वरून बारीक दिसणारी ही जखम आत गंभीर असते.

मळ खरवडण्याऐवजी तो बसूच न देण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न इंधनात झाला नाही; तो वंगणतेलात झाला. अमेरिकेतील कॅटरपिलर कंपनीने १९३१ मध्ये डिझेल इंजिनाचा ट्रॅक्टर बाजारात आणल्यावर असे आढळले की, पेट्रोलच्या इंजिनांत उत्तम चाललेली खनिज तेले या इंजिनाच्या उष्णतेत व काजळीत टिकत नाहीत आणि पिस्टनच्या रिंगा खाचांत चिकटून बसतात. त्यावर कॅलिफोर्नियातील तेलकंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी तेलात धातूंचे साबण मिसळण्याचा उपाय काढला, आणि १९३० च्या दशकाच्या मध्यापासून अशी ‘डिटर्जंट’ तेले विक्रीस आली. या द्रव्यांच्या रेणूचे एक टोक मळाला किंवा धातूला धरते व दुसरे, लांब टोक तेलात रमते. रिठ्याच्या पाण्यात लोकरीवरचा मळ सुटून पाण्यात तरंगत राहावा त्याप्रमाणे काजळीचे कण एकमेकांना न चिकटता तेलात विखुरलेले राहतात. यामुळे तेल लवकर काळे पडते, आणि काळे तेल म्हणजे निकृष्ट तेल या जुन्या समजुतीला छेद जातो, कारण इंजिनाच्या भिंतींवर बसला असता तो काळेपणा तेलाने आपल्या अंगावर घेतलेला असतो. गंधकयुक्त इंधनापासून तयार होणारे आम्ल मारण्यासाठी पुढे या तेलांत अल्कधर्मी द्रव्येही घालण्यात आली.

इंधनात मिसळण्याच्या द्रव्यांचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे, कारण ती सर्व एकाच हेतूने बनलेली नाहीत आणि बाजारात मात्र ती सरसकट ‘इंजिन साफ करणारे औषध’ म्हणून ओळखली जातात. इंधन किती तत्परतेने पेटते याचे माप असलेली सीटेन संख्या १९३० च्या दशकात रूढ झाली, आणि ती वाढवण्यासाठी नायट्रेट वर्गातील द्रव्ये वापरात आली. ज्वलन लवकर सुरू झाल्याने इंजिनाचा खडखडाट कमी होतो, पण नोझलवर आधीच बसलेला थर त्यांनी निघत नाही. १९६० च्या दशकात काळा धूर कमी करण्यासाठी बेरियम या धातूची संयुगे इंधनात मिसळण्यात आली. धूर दिसायला कमी झाला, परंतु धातूचे अवशेष इंजिनात आणि बाहेरच्या हवेत जाऊ लागल्याने तो उपाय मागे पडला. नोझलचे तोंड खरोखर स्वच्छ ठेवणारी द्रव्ये यांहून वेगळ्या कुळातली, म्हणजे नायट्रोजनयुक्त सेंद्रिय डिटर्जंट या वर्गातली आहेत. ती जळून जाताना धातूची राख मागे ठेवत नाहीत. दहा लाख भाग इंधनात त्यांचे काही दहा किंवा काही शे भाग पुरतात. येथे ‘स्वच्छ राखणे’ आणि ‘स्वच्छ करणे’ असा भेद तज्ज्ञांनी केलेला आहे: नव्या नोझलवर थर बसू न देण्यासाठी अल्प मात्रा दीर्घकाळ लागते, तर बसलेला थर काढण्यासाठी अधिक मात्रा मर्यादित काळ दिली जाते. २००२ च्या सुमारास भारतातील तेलकंपन्यांनी विशिष्ट नावांनी विकायला काढलेल्या डिझेलात अशी द्रव्ये पंपावर येण्यापूर्वीच मिसळलेली असत, आणि त्यामुळे हा विषय सामान्य वाहनधारकापर्यंत पोहोचला.

याच काळाला समांतर असा एक काळा अध्याय रॉकेलचा आहे. शिधावाटप दुकानांतून मिळणारे अनुदानित रॉकेल आणि डिझेल यांच्या दरांत मोठी तफावत असल्याने डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याचा चोरटा व्यवसाय फोफावला; त्याला आळा घालण्यासाठी शिध्याच्या रॉकेलला निळा रंग देण्यात आला, पण व्यवसाय थांबला नाही. मनमाडजवळ पानेवाडी येथे २५ जानेवारी २०११ रोजी इंधनाच्या चोरट्या व्यवहारात हस्तक्षेप करणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जाळून मारण्यात आले, तेव्हा या व्यवसायाचे भीषण स्वरूप साऱ्या देशापुढे आले. तांत्रिक बाजूने पाहता, रॉकेलने भाग धुतले जातात म्हणून टाकीत टाकलेले रॉकेलही इंजिन आतून धुऊन काढील, या लोकसमजुतीने अशा भेसळीला एक प्रकारचा आधार मिळवून दिला होता. वस्तुतः परातीत रॉकेल मळ सैल करते तेव्हा तेथे ना दाब असतो, ना घर्षण, ना ज्वलन. टाकीतून गेलेले रॉकेल मात्र एलिमेंटच्या दोन-तीन मायक्रॉनच्या फटीत पोहोचते, डिझेलपेक्षा पातळ असल्याने तेथून निसटते, आणि त्याची वंगणशक्ती तोकडी असल्याने धातूवर धातू घासला जातो. पेट्रोल मिसळण्याचा प्रकार याहून धोक्याचा आहे, कारण वंगणशक्तीच्या हानीबरोबर इंधनाची वाफ अगदी कमी तापमानालाही पेट घेण्याजोगी होते.

वंगणशक्तीचा हाच प्रश्न भेसळ नसलेल्या, उलट अधिक शुद्ध केलेल्या डिझेलमध्येही उभा राहिला, हा या इतिहासातील लक्षणीय भाग आहे. भारतातील डिझेलमध्ये १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत १ टक्क्यापर्यंत गंधक चालत असे. हवेच्या प्रदूषणाविरुद्धच्या उपायांत ते टप्प्याटप्प्याने उतरवण्यात आले, २०१० मध्ये मुंबई, पुणे आणि सोलापूर यांसह १३ शहरांत दहा लाखांत ५० भाग ही मर्यादा आली, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर दहा लाखांत १० भाग, म्हणजे जुन्या मर्यादेच्या एक हजारांश, इतकेच गंधक मान्य झाले. गंधक काढण्यासाठी शुद्धीकरण कारखान्यांत इंधनावर उच्च दाबाखाली हायड्रोजनची क्रिया करतात, आणि त्या क्रियेत धातूला नैसर्गिकरीत्या वंगण देणारे अल्पांशातील घटकही नष्ट होतात. स्वीडनमध्ये १९९१ पासून अत्यल्प गंधकाचे डिझेल वापरात आल्यावर इंधनानेच वंगण मिळणारे पंप अकाली झिजल्याचे आढळले. त्यातून एक कसोटी रूढ झाली: इंधनात बुडालेल्या पोलादी गोळीला चकतीवर घासून तिच्यावर पडलेल्या झिजेच्या डागाचा व्यास मोजायचा, आणि तो ४६० मायक्रॉनहून मोठा असता कामा नये. भारतीय मानकातही ही मर्यादा आहे. ती पाळण्यासाठी कारखान्यातच वंगणशक्ती वाढवणारे द्रव्य मिसळले जाते, म्हणजे पंपावर मिळणारे आजचे डिझेल मुळातच पूरक द्रव्ये घेऊन येते, आणि ग्राहकाने ओतलेले औषध कोऱ्या इंधनात न पडता त्या द्रव्यांच्या जोडीला जाऊन बसते.

१९९७ पासून मोटारींमध्ये ‘कॉमन रेल’ पद्धत, म्हणजे सर्व नोझलना एका सामाईक नळीतून सतत उच्च दाबाचे इंधन पुरवण्याची योजना, आली आणि दाब पूर्वीच्या शेकड्यांतून १,३५० बारवर व पुढे २,००० बारच्याही वर गेला. नोझलची भोके अधिक बारीक झाली, आणि मळाचा एक नवा प्रकार नोंदवला गेला. पूर्वीचा थर नोझलच्या बाहेर, ज्वलनाच्या बाजूला असे. नवा थर आत, विजेच्या साहाय्याने हलणाऱ्या सूक्ष्म भागांवर बसू लागला. त्यातला एक प्रकार तर साबणाचाच निघाला: इंधनात अल्पांशाने शिरलेले सोडियम आणि नळ गंजू नयेत म्हणून मिसळलेली काही आम्लधर्मी द्रव्ये यांच्या संयोगातून तो तयार होत होता, म्हणजे एका हेतूने घातलेले रसायन दुसऱ्या ठिकाणी मळ होऊन बसले होते. जस्ताबाबतही असाच अनुभव आला. युरोपातील प्रमाणित चाचणीत नोझलवर मुद्दाम थर आणण्यासाठी इंधनाच्या दहा लाख भागांत जस्ताचा केवळ एक भाग मिसळतात आणि इंजिनाची शक्ती किती घटते ते मोजतात. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या टाकीत किंवा पिंपात दीर्घकाळ डिझेल साठवणे का टाळावे, याचे उत्तर या एका भागात आहे.

आज अशी द्रव्ये वापरताना जे नियम सांगितले जातात ते या इतिहासातून गाळून निघालेले आहेत. मात्रा वेष्टनावर दिलेल्या प्रमाणातच ठेवावी आणि एका वेळी एकच द्रव्य वापरावे, कारण डिटर्जंट जास्त झाल्यास इंधनातले पाणी वेगळे होऊन तळाशी न बसता धुक्यासारखे त्यातच मिसळून राहते आणि ते नोझलपर्यंत पोहोचते. द्रव्य टाकण्याआधी टाकीच्या तळाचे पाणी काढावे, विशेषतः पावसाळी मासेमारी बंदीत उभ्या राहिलेल्या होड्यांची आणि हंगामापुरत्या चालणाऱ्या शेतीपंपांची इंजिने सुरू करताना, कारण पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढून चिकट गाळ तयार होतो. जुन्या टाकीतला साचलेला मळ एकदम सुटला तर तो फिल्टरमध्ये अडकतो, म्हणून उपचारानंतर फिल्टर बदलावा. वनस्पतिजन्य तेलांपासून केलेले बायोडिझेल जुन्या वाहनांत प्रथमच वापरताना हाच अनुभव येतो, कारण तेही एक चांगले विद्रावक आहे. धुरातली काजळी गाळून जाळणारा गाळक ज्या वाहनांत असतो, त्यांत धातूयुक्त द्रव्य निर्मात्याने सांगितल्याशिवाय घालू नये, कारण काजळी जळून जाते पण धातूची राख गाळकात कायमची उरते. प्यूजो कंपनीने २००० मध्ये असा गाळक मोटारीत बसवताना सिरियमयुक्त द्रव्य मुद्दाम योजले होते, परंतु त्याची मात्रा आणि गाळकाच्या सफाईचा काळ ही दोन्ही मूळ रचनेतच हिशेबात धरलेली होती. नव्या वाहनांत स्वतंत्र टाकीत भरले जाणारे युरियाचे द्रावण हे तर इंधनपूरक द्रव्यच नव्हे. ते धूर बाहेर पडण्याच्या मार्गावर नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करते, आणि चुकून डिझेलच्या टाकीत पडल्यास त्याचे स्फटिक पंप व नोझल दोन्ही निकामी करतात.

डिकार्बनायझिंगची जुनी प्रथा त्यामुळे मोडीत निघाली असे म्हणता येत नाही. तिच्यातला खरवडण्याचा भाग बराच कमी झाला आणि तपासण्याचा भाग अधिक मोलाचा ठरला. पंप-नोझलच्या अनेक दुकानांत आज हातपंपाच्या जागी संगणकावर चालणारी तपासणी यंत्रे आणि धूळ न शिरणारी काचेची दालने आली आहेत, पण तेथे पाहिली जाणारी गोष्ट तीच आहे. भोकाशी कार्बन साचलेले नोझल आणि सुईची बैठक झिजलेले नोझल, दोन्ही सारखाच काळा धूर सोडतात. डिटर्जंट पहिल्यावर चालते. दुसऱ्यावर कोणत्याही बाटलीचा उपयोग नाही, कारण तेथे काढण्याजोगे काही उरलेले नसते, धातूच कमी झालेला असतो. या दोहोंतला फरक धुरावरून कळत नाही. तो नोझल उतरवून, दाब देऊन आणि फवारा तुटकपणे थांबतो की टपकत राहतो हे पाहूनच कळतो.